वेब डिझायनरची नमुन्यांची वही

बी. ए. भाग २

लग्नाचा मांडव घालावयाचा ठरला, की मांडववाला दराची बोलणी सुरू करण्यापूर्वी एक आल्बम आपल्या पुढ्यात ठेवतो. त्यात त्याने पूर्वी घातलेल्या मांडवांचे फोटो असतात. घरातील वडीलधारी मंडळी तो आल्बम मोठ्या बारकाईने पाहतात आणि "हा कोणाच्या घरचा?" हा प्रश्न हमखास विचारतात. मांडववाल्याने गावाचे आणि घराचे नाव घेतले, की अर्धा विश्वास तेथेच बसतो. कारण त्या घरी फोन करून खात्री करता येते. फोटो नुसते देखणे असून भागत नाही. ते त्याच्याच हातच्या कामाचे आहेत, हे पटावे लागते. मेंदी काढणाऱ्या मुलीची वही असो, फोटोग्राफरचा आल्बम असो, की खामगावच्या बाजारात गिऱ्हाइकापुढे मांडलेली घडीव चांदीची भांडी असोत, तत्त्व एकच. बोलण्याआधी काम दाखवावे.

अशा संग्रहास इंग्रजीत पोर्टफोलिओ म्हणतात. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांत हा शब्द जुनाच आहे. पुठ्ठ्याच्या मोठ्या फाइलीत निवडक चित्रे घालून ती काखोटीला मारून मुलाखतीला जाणारा विद्यार्थी आपण कल्पनेने पाहू शकतो. वेब डिझायनर, म्हणजे संकेतस्थळाची मांडणी, रंग, अक्षरे आणि वाचकाची वाट ठरविणारा कारागीर, यालाही अशी वही लागते. मात्र त्याच्या बाबतीत एक गंमत आहे. त्याची वही हीच मुळी एक संकेतस्थळ असते. सुताराने आपल्या कामाचे नमुने स्वतः बनविलेल्या कपाटात ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. कपाटाचे दारच अडकत असेल, तर आतले नमुने पाहण्याची तसदी कोण घेईल?

प्रस्तुत लेखात अशी वही चांगली केव्हा म्हणावी, याचा विचार करावयाचा आहे. कला शाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे काही मित्र विचारतील. त्यांना उत्तर पुढे ओघाने मिळेलच. पण एक कारण आताच सांगून टाकते. माझ्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. आमच्यासारख्यांच्या घरी पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतील ओळखी नसतात, शिफारशीचे पत्र लिहून देणारे काका नसतात. ज्या थोड्या व्यवसायांत माणसाला आधी "काम दाखवा" असे म्हणतात आणि "कोणाचे कोण?" हे मागाहून विचारतात, त्यांपैकी हा एक आहे. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. त्यामुळे आज बुलढाण्यात बसून एखाद्या मुलीने केलेले पान आणि लंडनमधल्या कंपनीने केलेले पान ही दोन्ही सारख्याच दाराने वाचकापुढे येतात. दार उघडे आहे; आत नेऊन काय ठेवावे, एवढाच प्रश्न उरतो.

माझ्या एका मावसभावाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्याने एका शहरात सहा महिन्यांचा वेब डिझायनिंगचा कोर्स केला. घरच्यांनी सोयाबीनच्या पैशातून फी भरली. कोर्सअखेर सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले आणि पोर्टफोलिओही 'करून' मिळाला. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी तो उघडला आणि सांगितले, की हुबेहूब असेच पोर्टफोलिओ त्या सकाळपासून आणखी तीन मुलांनी दाखविले आहेत. तोच उपाहारगृहाचा नमुना, तोच परदेशी बर्गरचा फोटो, तेच लॅटिन भाषेतले निरर्थक भरताड. नाव तेवढे निराळे. त्या बाई वाईट बोलल्या नाहीत. "यात तुमचं काय आहे?" एवढेच त्यांनी विचारले. प्रश्न साधा आहे; पण चांगल्या पोर्टफोलिओची सारी व्याख्या त्या प्रश्नात आली आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

पाटी रंगविणारे आणि अक्षर काढणारे

वेब हा प्रकार नवा असला, तरी 'यात तुमचे काय?' हा प्रश्न जुना आहे. पूर्वी आपल्या तालुक्याच्या गावांतून दुकानांच्या पाट्या हाताने रंगवीत. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटर बारीक अक्षरांत आपले नाव टाकी. बाजारपेठेतून एक फेरी मारली, की त्या पेंटरची सगळी वही चालता चालता वाचून होई. किराणा दुकानाच्या पाटीचे अक्षर ठसठशीत, डॉक्टरांच्या पाटीचे सडसडीत, कापडदुकानाच्या पाटीला थोडी वेलबुट्टी. कोणत्या धंद्याला कोणते अक्षर शोभेल, हे त्याने ठरविलेले असे. पुढे फ्लेक्स आला आणि ते कोपऱ्यातले नाव गेले. आज फ्लेक्सवर वाढदिवसाच्या पुढाऱ्यांपासून गल्लीतल्या बारक्या कार्यकर्त्यापर्यंत वीस जणांचे फोटो असतात. ज्याने मांडणी केली त्याचे नाव मात्र बहुधा नसते.

याच विचाराचे मोठे उदाहरण मराठीत आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके वर्षानुवर्षे रेखाटली. ती वर्तमानपत्रांतील नाटकाच्या जाहिरातींतून छापून येत. टाइम्स ऑफ इंडिया समूहात त्यांची नोकरी होती. पण महाराष्ट्राच्या घराघरांत ते पोहोचले ते या अक्षरांमुळे. त्यांच्या शीर्षकाकडे पाहून नाटक ऐतिहासिक आहे, विनोदी आहे की गंभीर आहे, हे नाव वाचून संपण्यापूर्वीच कळे. वर्तमानपत्राचे ते पान हाच त्यांचा पोर्टफोलिओ होता. तेथे 'मी अत्यंत कल्पक आहे' असे लिहावयास जागाच नव्हती. दोन-तीन इंचांच्या चौकटीत नाटकाचे नाव बसवावयाचे आणि शेजारच्या दहा जाहिरातींतून ते उठून दिसावे, एवढीच सोय. त्या अडचणीतून जे निघाले, त्याचीच लोकांनी पारख केली.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. काम चांगले की वाईट हे केवळ त्याच्या रूपावरून ठरत नाही. समोर कोणती अडचण होती आणि कारागिराने तिचे काय केले, हे कळल्यावाचून रूपाची किंमत करता येत नाही. पाटीच्या बाबतीत ती अडचण आपल्याला दिसत असते. दुकान समोरच असते. संकेतस्थळाच्या बाबतीत ती दिसत नाही. म्हणून ती सांगावी लागते. आणि येथेच पुष्कळ पोर्टफोलिओ फसतात.

चेहरा दिसतो, हिशेब दिसत नाही

नवशिक्यांचे बरेचसे पोर्टफोलिओ उघडले, तर प्रथम एक भलेमोठे वाक्य दिसते. 'मी स्वप्नांना आकार देतो' किंवा तत्सम काहीतरी. त्याखाली कौशल्यांच्या आडव्या पट्ट्या असतात: एचटीएमएल ९० टक्के, सीएसएस ८५ टक्के, संवादकौशल्य ९५ टक्के. आपल्या परीक्षेत निदान पेपर तपासणारे परीक्षक तरी असतात. येथे उमेदवार स्वतःच पेपर लिहितो आणि स्वतःच गुण देतो! नव्वद टक्के सीएसएस म्हणजे नेमके काय, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. त्यानंतर दहा-बारा चित्रे ओळीने, आणि चित्रावर बोट ठेवले की तेच चित्र मोठे होते. झाले. पाहणाऱ्याला चेहरा दिसला, हिशेब दिसला नाही.

हिशेब म्हणजे काय? काम कोणासाठी होते, वाचक कोण होते, त्यांना कशाची गरज होती, आपण कोणकोणते मार्ग विचारात घेतले, कोणता सोडला व का सोडला, आणि शेवटी काय जमले व काय राहून गेले. चार-पाच परिच्छेदांत हे सांगता येते. मात्र ते सांगण्यासाठी नीट लिहिता यावे लागते. कला शाखेचा संबंध कोठे येतो, असे विचारणाऱ्या मित्रांना उत्तर येथे आहे. रंग आणि चौकटी यंत्र शिकवील. आता तर संगणकाला चार वाक्यांत सांगितले, की तो क्षणार्धात अख्खे पान करून देतो. म्हणजे चेहरा स्वस्त झाला. अशा काळात 'हे असेच का केले?' या प्रश्नाला ज्याच्यापाशी स्वतःचे उत्तर आहे, त्याचीच वही उघडून वाचण्यासारखी राहते. आणि कारण सांगणे, उदाहरण देणे, नेमका शब्द वापरणे याचा सराव आपल्या वर्गांत रोज होतो. निदान व्हावा, अशी अपेक्षा आहे.

रूप आणि निर्णय यांतील नाते दाखविणारा एक सुंदर प्रयोग २००३ साली झाला. कॅनडातील डेव्ह शी या डिझायनरने 'सीएसएस झेन गार्डन' नावाचे संकेतस्थळ काढले. त्यात मजकूर एकच. त्याचा एचटीएमएल सांगाडाही एकच. सहभागी होणाऱ्याने त्या सांगाड्याला हात लावावयाचा नाही. फक्त सजावटीची सीएसएस फाइल व चित्रे निराळी द्यावयाची. जगभरच्या डिझायनरांनी त्याच मजकुराला शेकडो रूपे दिली. कोणी पान शांत बागेसारखे केले, कोणी सर्कशीच्या जाहिरातीसारखे. नाटकाची संहिता एक आणि दिग्दर्शक अनेक, असा तो प्रकार. मजकूर सर्वांचा सारखा असल्यामुळे प्रत्येकाचे स्वतःचे काय, ते लगेच वेगळे दिसले. मावसभावाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या रचनेतच मिळत होते.

तयार साचे, म्हणजे ज्यांना टेम्प्लेट म्हणतात ते, वापरूच नयेत असे माझे म्हणणे नाही. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसवर आणि २०११ मध्ये आलेल्या बूटस्ट्रॅपवर हजारो लोक उत्तम काम करतात. शिंपीदेखील कापड स्वतः विणत नाही. पण साचा घेतला असेल तर तसे लिहावे, आणि त्यात आपण काय बदलले व का बदलले तेही लिहावे. चौघांनी मिळून काम केले असेल, तर आपला वाटा कोणता ते सांगावे. यंत्राकडून मजकूर किंवा चित्र करवून घेतले असेल, तर त्याचीही नोंद करावी. दुसऱ्याचे काम आपल्या नावावर दाखविणाऱ्याचे सोंग मुलाखतीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते. कारण ज्याने निर्णय घेतलेलाच नाही, त्याला कारण सांगता येत नाही.

लोणारचे पान

आता कोणी म्हणेल, की ज्याला अजून कोणी काम दिलेले नाही, त्याने वहीत ठेवावयाचे काय? याला उपाय आहे. आपल्या आसपास खऱ्या गरजा असतात. त्यांतील एक घ्यावी आणि तिच्यासाठी पान करावे. बचत गटाच्या पापड-लोणच्यांचे दरपत्रक, गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी, कॉलेजच्या एस. टी. पासची माहिती, यांपैकी काहीही चालेल. परदेशी बर्गरपेक्षा ते शतपट बरे. आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर सर्वांत आधी आठवते ते लोणार. ते उदाहरण जरा सविस्तर पाहू.

लोणारचे सरोवर उल्कापातामुळे बेसाल्ट खडकात तयार झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी खारट व क्षारधर्मी. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा देशभरातील वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. गावात दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आहे, विवराच्या काठाशी गोमुखाची धार आहे, खाली पाण्यालगत कमळजादेवीचे देऊळ आहे. म्हणजे मजकुराला तोटा नाही.

नवशिका डिझायनर येथे काय करील? गुलाबी पाण्याचा फोटो पानभर लावील, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'निसर्गाचा चमत्कार' असे लिहील आणि खाली आपोआप सरकणारे पाच फोटो ठेवील. दिसावयास छान. पण या पानाचा वाचक कोण, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही. लोणारच्या बसस्थानकावर उतरलेले कुटुंब मोबाइलवर हे पान उघडते, असे समजा. बरोबर आजी आहेत. त्यांना काठावरून सरोवर कोठून दिसेल, खाली उतरावयास पायवाट कशी आहे, कोणते मंदिर न उतरता पाहता येईल, पाणी बरोबर घ्यावे काय, हे हवे आहे. चमत्कार त्यांना डोळ्यांनी दिसणारच आहे! तेव्हा पानाच्या आरंभी फोटो लहान आणि या माहितीच्या चार ओळी ठळक, हा निर्णय झाला. गुलाबी रंगाचेही तसेच. तो फोटो २०२० चा आहे, हे त्याखाली लिहिले नाही, तर आज येणारा माणूस तोच रंग शोधीत येईल आणि फसवणूक झाली म्हणेल.

विवराच्या वयाचा प्रश्न याहून बिकट आहे. जुन्या मोजणीनुसार ते सुमारे ५० हजार वर्षांचे मानले जाई आणि पुष्कळ ठिकाणी हाच आकडा छापलेला आहे. पुढे आर्गॉन पद्धतीने झालेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे असल्याचे दिसले. दोहोंत दहापटीहून अधिक अंतर! डिझायनर म्हणेल, हे भूगोलवाल्यांचे काम, मला काय त्याचे? पण पानावर मोठ्या अक्षरांत कोणता आकडा घालावयाचा, हे शेवटी त्यालाच ठरवावे लागते. दोन्ही आकडे द्यावेत आणि ते वेगळे का, हे एका वाक्यात सांगावे, असे माझे मत आहे. हा निर्णय आणि त्यामागचे कारण पोर्टफोलिओत लिहिले, तर वाचणाऱ्याला एवढे निश्चित कळेल, की ही व्यक्ती मजकूर वाचल्यावाचून मांडणी करीत नाही. माझ्या मते नोकरी देणाऱ्यास याहून मोठी खूण नको.

फोटोंच्या वजनाचेही एक गणित आहे. मोबाइलने काढलेला फोटो सहज ४ एमबीचा भरतो. असे पाच फोटो जसेच्या तसे चढविले, की २० एमबी झाले. ज्या गावात रेंज शोधावयास गच्चीवर जावे लागते, तेथे ते पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जातो. तेच फोटो पानाच्या रुंदीपुरते लहान करून वेबपीसारख्या स्वरूपात ठेवले, तर सर्व मिळून १ एमबीच्या आत येतात आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलने घालून दिलेला दंडक आहे. तो आपल्याकडच्या साध्या मोबाइलवर आणि आपल्याकडच्या रेंजमध्ये मोजून पाहावा. शहरातल्या वायफायवर सगळ्यांचीच पाने धावतात. मोजलेले 'पूर्वी' आणि 'नंतर'चे आकडे वहीत नोंदवावेत. त्या नव्वद टक्क्यांच्या पट्टीपेक्षा हा एक आकडा अधिक बोलतो.

मराठी अक्षरांचे मागणे

आपल्याकडच्या पोर्टफोलिओत निदान एक काम अस्सल मराठीतले असावे, असा माझा आग्रह आहे. हा भाषाभिमानाचा प्रश्न नाही. देवनागरीची मांडणी हे एक वेगळे कौशल्य आहे आणि ते फार थोडे लोक मन लावून शिकतात.

देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी ठरविलेले ओळींतील अंतर मराठीला तसेच लावले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. अंतर वाढवावेच लागते. दुसरे असे, की इंग्रजी शीर्षकांत अक्षरे एकमेकांपासून लांब ठेवण्याची टूम आहे. तीच सूचना मराठीला दिली, की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे दिसू लागतात. इंग्रजीतील मोठ्या लिपीतले शीर्षक ही सोय आपल्याला नाही. तेव्हा ठळकपणा जाडीने, आकाराने किंवा रंगाने आणावा लागतो. असे निर्णय ज्याने घेतले असतील, त्याने ते वहीत अवश्य सांगावेत. इंग्रजीतला साचा घेऊन त्यात मराठी ओतणाऱ्याला ते सुचणारच नाहीत.

अक्षरवळणाचेही तसेच. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहिण्याची रीत आहे; नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयानेही तीच वळणे प्रमाण ठरविली. हिंदीची वळणे निराळी. काही टंकांत दोन्ही वळणे असतात. मात्र पानाच्या सांगाड्यात 'या मजकुराची भाषा मराठी' अशी खूण घातली तरच मराठी वळण उमटते. ही खूण घालावयास एक शब्दही पुरा लागत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या वाचनयंत्रालाही कोणत्या भाषेत वाचावे ते तिच्यावरूनच कळते.

या अक्षरांमागे आपल्याच माणसांचे श्रम आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक काळ असा होता, की मराठी संकेतस्थळ वाचावयाचे तर आधी त्याचा विशिष्ट टंक उतरवून घ्यावा लागे. नाही तर पानभर चिन्हांचा कचरा दिसे. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. सुलेखनकार आर. के. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांत आला, आणि युनिकोडमधील मराठी सामान्य माणसाला विनासायास वाचता येऊ लागली. अलीकडे मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे टंक सर्वांना विनामूल्य दिले आहेत. तरीदेखील आजही कित्येक जण मराठी मजकुराचे चित्र करून पानावर चिकटवितात. ते चित्र शोधात सापडत नाही, मोठे केले की फाटते, आणि दृष्टिहीनाला तेथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. ज्याच्या पोर्टफोलिओत स्वतःचे नावदेखील चित्र म्हणून चिकटविलेले असेल, त्याला मराठीचे काम देऊ नये, असे मी म्हणेन.

शुद्धलेखनाविषयी दोनच शब्द. मांडणी कितीही देखणी असो, 'संर्पक' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल, तर डोळा तेथेच अडखळतो. हे काम आपल्या मराठी विभागातला कोणताही विद्यार्थी करू शकेल. संगणकाच्या वर्गातील मित्राने पान करावे आणि आपण मजकूर तपासावा, अशी जोडी कॉलेजातच जमू शकते. वहीत दोघांचीही नावे वाटा सांगून येतील.

राहिलेल्या काही गोष्टी

पहिल्या पडद्यावर नाव, कामाचा प्रकार, गाव आणि संपर्काची वाट एवढे असले म्हणजे पुरे. रंगांविषयी एकच दंडक सांगते. अक्षरे आणि त्यांमागची पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे, असे वेबचे नियम ठरविणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था सांगते. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची हल्ली चलती आहे. एसीच्या खोलीत ती छान दिसतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बारा वाजता, एस. टी. स्टँडवर, काच तडकलेल्या मोबाइलवर ती अजिबात दिसत नाहीत. मोबाइलच्या रुंदीप्रमाणे पानाने स्वतःला जुळवून घ्यावे, ही कल्पना ईथन मार्कोट यांनी २०१० साली मांडली. आज ज्याचा पोर्टफोलिओ मोबाइलवर आडवा सरकवावा लागतो, त्याच्याविषयी अधिक काही बोलावयाचे कारण नाही.

कामे किती असावीत? तीन किंवा चार. बारा कामांतील आठ भरतीची असतील, तर पाहणारा नेमके त्या आठांपैकीच एक उघडतो. असा काहीतरी नियमच असावा.

खर्चाची भीती पुष्कळांना वाटते. गिटहब पेजेससारख्या सेवांवर साधे संकेतस्थळ फुकट ठेवता येते. फक्त पत्ता थोडा लांबलचक मिळतो. स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावयाचा तर वर्षाला काही शे रुपयांपासून पुढे पडतात. २०१४ पासून '.भारत' असा देवनागरी पत्ताही घेता येतो. नावाला तो शोभतो खरा. पण पुण्यातल्या कचेरीत बसलेल्या माणसाला तो टंकित करता येईल की नाही, याचा विचार करून मगच घ्यावा. दोन्ही पत्ते घेऊन एकावरून दुसऱ्यावर नेण्याची सोय करता येते.

शेवटी एक गोष्ट, जी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. प्रत्येक कामाखाली त्याचे वर्ष घालावे आणि दर सहा महिन्यांनी सगळे दुवे स्वतः दाबून पाहावेत. बचत गटाने दर बदललेले असतात, वाचनालयाची वेळ बदललेली असते, कोणाचे तरी संकेतस्थळ बंद पडलेले असते. बंद पडलेल्या कामाचे फोटो ठेवण्यास हरकत नाही. 'हे संकेतस्थळ आता चालू नाही' अशी ओळ मात्र त्याखाली हवी. संपर्काच्या पानावरचा मोबाइल नंबरही त्याच वेळी पाहून घ्यावा. रिचार्ज संपून बंद पडलेल्या जुन्या सिमचा नंबर तेथे वर्षानुवर्षे तसाच असतो, आणि काम देणारा माणूस दोनदा लावून तिसऱ्या वेळी दुसऱ्याला लावतो.